देश चौथ्या नंबरवर, मग कोयता अजून फडातच का?

२०२५ मध्ये बातमी आली की भारत जपानला मागे टाकून जगातली चौथी मोठी अर्थव्यवस्था झाला. त्याच सुमारास वर्ल्ड बँकेचा आकडा आला की देशातली अतिगरिबी ५.३ टक्क्यांवर आलीय, २०११-१२ मध्ये ती २७ टक्के होती. आणि याच देशात ८० कोटी लोकांना सरकार फुकट धान्य देतंय, तेही २०२८ संपेपर्यंत देणार आहे. आता या तिन्ही गोष्टी एकदम वाचल्या की माणूस गोंधळणारच, आणि मग व्हॉट्सॲपवर भांडणं सुरू होतात, एक म्हणतो गरिबी संपली, दुसरा म्हणतो सगळे आकडे खोटे, तिसरा म्हणतो लोकांना कामच करायचं नाही.

मला वाटतं तिघंही घाईत बोलतायत. ही चर्चा हवेत करण्यापेक्षा आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घेऊन शांतपणे समजून घेऊ. ते उदाहरण म्हणजे बीडचा ऊसतोड कामगार. पन्नास वर्षांहून जास्त काळ हा माणूस दिवाळीच्या आसपास गाव सोडतो आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परत येतो, या काळात महाराष्ट्रात किती सरकारं आली गेली, राज्य देशातलं सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेचं राज्य झालं, पण त्याचा कोयता काही सुटला नाही. का, हाच प्रश्न आहे.

आधी ठरवू, गरीब म्हणायचं कुणाला

दारिद्र्यरेषा म्हणजे दर माणशी महिन्याला खर्चाचा असा एक आकडा, की त्याच्या खाली खर्च असेल तर तो माणूस गरीब. बस, एवढंच. पण हा आकडा कुठे ओढायचा यावर सगळी भांडणं आहेत. आपल्याकडे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुरेसं अन्न मिळायला किती खर्च लागतो त्यावरून हिशोब मांडला होता. पुढे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी खेड्यात महिन्याला ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये ही रेषा आली, म्हणजे रोजचे २७ आणि ३३ रुपये, आणि त्यावरून किती गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. रंगराजन समितीने तीच रेषा थोडी वर नेऊन ९७२ आणि १४०७ केली, तर लगेच गरिबांचं प्रमाण २१.९ वरून २९.५ टक्के झालं. लोक तेच, वर्ष तेच, फक्त रेषा सरकली.

वर्ल्ड बँकेची रेषा आता रोजचे ३ डॉलर आहे. पण हे बाजारातले डॉलर नाहीत हं, ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपये असा हिशोब करू नका. भारतात वस्तू स्वस्त मिळतात हे धरून तो आकडा बदलून घेतात, त्यामुळे २०२१ च्या भावाने तो रोजचा साठ-पासष्ट रुपयांच्या घरात येतो. या रेषेच्या वर गेलेला माणूस उपाशी नाही, एवढंच आपण म्हणू शकतो. तो सुखात आहे असं नाही.

मग ८० कोटी लोक गरीब आहेत का? तर तसंही नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यातच ठरलं होतं की खेड्यातल्या ७५ टक्के आणि शहरातल्या ५० टक्के लोकांपर्यंत धान्य द्यायचं, तो आकडा तिथून आलाय, गरीब मोजून आलेला नाही. पण एवढ्या लोकांचं रेशन बंद करायची हिंमत कुठलंच सरकार करत नाही कारण रेषेच्या जरासं वर उभे असलेले लोक प्रचंड आहेत, एक आजारपण किंवा एक दुष्काळ आला की ते परत खाली.

आणि चौथ्या नंबरचं म्हणाल तर तो देशाच्या एकूण कमाईचा नंबर आहे. ती कमाई १४० कोटींवर वाटली तर आपल्या माणशी वाट्याला जपानी माणसाच्या साधारण बारावा हिस्सा येतो. तर सुधारणा झाली हे अगदी खरंय, नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबीच्या मोजणीत (यात पैशाऐवजी शिक्षण, पोषण, संडास, वीज, पाणी असं सगळं बघतात) महाराष्ट्र २०१५-१६ मधल्या १४.८ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ७.८ टक्क्यांवर आला. ही मोठी गोष्ट आहे, ती नाकारायचं काही कारण नाही. पण गरिबी कमी होणं आणि ठरावीक घरांची गरिबी पिढ्यानपिढ्या टिकून राहणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपलं बोलणं दुसऱ्याबद्दल चाललंय.

एका कोयत्याचा हिशोब

नवरा-बायको मिळून एक जोडी, तिला एक कोयता धरतात. मजुरी मोजायची, उचल द्यायची, सगळं कोयत्यावर. उचल म्हणजे आगाऊ रक्कम, ती मुकादम देतो, आणि मुकादमाला पैसे येतात कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून. राज्यात असे कामगार आठ ते दहा लाखांच्या घरात असतील असा अंदाज सांगतात, त्यात बीडचे सगळ्यात जास्त.

उचल कधी घेतात ते नीट बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. उन्हाळा संपतो, पेरणीला बियाणं-खत घ्यायचं असतं, पोरांच्या शाळा सुरू होतात, घरात कुणाचं तरी लग्न झालेलं असतं त्याचं देणं असतं, आणि हाताला काम नसतं. अशा वेळी मुकादम दारात येतो आणि लाखभर रुपये देतो. कागदावर अंगठा किंवा सही. काम सुरू व्हायला अजून तीन-चार महिने आहेत, पण त्या कामाचे पैसे आजच घेऊन झाले आणि ते खर्चही झाले.

मग दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळी निघते, सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, कर्नाटक. फडाजवळ (फड म्हणजे उभ्या उसाचं शेत) पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची, किंवा ताडपत्रीची कोपी, पाणी लांबून, संडास नाही, वीज नाही. पहाटे उठून बाई भाकरी करते, मग दोघं फडात, तो तोडतो, ती पाचट काढून मोळ्या बांधते, आणि गाडी आली की तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायचं. गाडी रात्री बाराला आली तर बाराला भरायची. वाढे (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकून बाई दोन पैसे मिळवते, भाजीपाला त्यातून येतो.

आता पैशाचं गणित. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला ३६६ रुपयांच्या आसपास दर ठरला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. आपण चांगलं धरून चालू, दोन टन आणि १३० दिवस, तर २६० टन होतात आणि पैसे होतात ९५ हजार. उचल होती एक लाख. म्हणजे सहा महिने राबून पाच हजार अंगावर राहिले, आणि मधेमधे किराण्याला घेतलेली खर्ची वेगळी. पाऊस कमी झाला, ऊस कमी आला आणि सीझन १०० दिवसांत आटोपला तर २०० टन, ७३ हजार, २७ हजार बाकी. ती बाकी पुढच्या वर्षाच्या उचलीत जमा. एक दिवस आजारी पडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात ते वेगळे.

म्हणून मी म्हणतो की गरिबीचं मूळ फक्त कमी मजुरीत बघू नका, मजुरीचा सौदा कुठल्या दिवशी होतो ते बघा. ज्या दिवशी घरात दाणा नाही त्या दिवशी माणूस आपलं पुढचं अर्धं वर्ष विकतो. अशा दिवशी त्याला चांगला भाव मागता येणं शक्यच नाही. त्याची गरज आणि त्याची कमाई यांचं वेळापत्रकच उलटं लागलेलं आहे, आणि त्या मधल्या काळात जो पैसा देतो तोच भाव ठरवतो.

पण हे बीडमध्येच का?

कुणी म्हणेल तिथे पाऊस नाही, निसर्गच तसा. पाऊस कमी आहे, बालाघाटचा डोंगराळ भाग, जमीन हलकी, हे बरोबर. पण पश्चिम महाराष्ट्राचे कितीतरी तालुकेसुद्धा पर्जन्यछायेतच आहेत की. तिथे कालवे गेले. आणि कालव्यापाठोपाठ दुसरी गोष्ट झाली, १९५० च्या सुमारास प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. त्यात ऊसवाला शेतकरी नुसता माल विकणारा राहिला नाही, तो शेअरहोल्डर झाला, मतदार झाला, संचालक निवडायला लागला. कारखान्यातून शाळा-कॉलेजं निघाली, दवाखाने निघाले, आमदार-खासदार निघाले.

त्याच उसाला जो हात लावतो त्याला मात्र ना शेअर, ना मत, ना हजेरीपट. कारखाना म्हणतो हे आमचे कामगार नाहीत, मुकादमाचे आहेत. मुकादम म्हणतो मी काय मालक आहे का, मीच वाहतूकदाराकडून पैसे उचललेत. त्यामुळे पीएफ नाही, बोनस नाही, अपघात झाला तर कुणी वाली नाही. एकाच रसातून एका जिल्ह्यात बंगले उभे राहिले आणि दुसऱ्या जिल्ह्यात कर्ज, आणि हा फरक निसर्गाने केलेला नाही, कुणाला मालकीत घेतलं आणि कुणाला बाहेर ठेवलं याने केलाय. दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९८४ मध्ये राज्यातल्या विभागांचा अनुशेष मोजून दाखवला होता, सिंचन, रस्ते, सगळं. तो मोजला गेला म्हणून भरला गेला असं झालं नाही.

यात जातही आहे, ते टाळून चालणार नाही. तोडणीला जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा, मातंग, बौद्ध समाजातले लोक मोठ्या संख्येने आहेत, हल्ली कोरडवाहू मराठा कुटुंबंही आहेत. ज्यांच्याकडे पिढ्यानपिढ्या जमीनच नव्हती किंवा माळरानाचा तुकडा होता त्यांच्याकडे गहाण टाकायला काही नाही, गहाण नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, बँक देत नाही म्हणून मुकादम.

इंग्रज, लोकसंख्या, आळस, भ्रष्टाचार

ही चार उत्तरं आपल्याकडे तयारच असतात. एकेक बघू.

इंग्रजांचं उत्तर चुकीचं नाही. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की इथली संपत्ती दरवर्षी विलायतेला वाहून जातेय. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सरासरी आयुष्य ३२ वर्षांच्या आसपास होतं आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८ टक्के. एवढ्या खोल खड्ड्यातून सुरुवात झाली हे विसरून चालणार नाही. पण पंच्याहत्तर वर्षांनंतरही पाचवीतल्या पोराला वाचता येत नसेल तर तो हिशोब आपल्याला द्यावा लागेल, लंडनला नाही.

लोकसंख्येचं उत्तर आता जुनं झालं. २०१९-२१ च्या पाहणीत देशात एका बाईमागे सरासरी मुलं २, महाराष्ट्रात १.७, म्हणजे लोकसंख्या टिकून राहायला लागतात त्यापेक्षाही कमी. आणि मुळात गरिबीमुळे जास्त मुलं होतात, मुलं जगतील याची खात्री वाटली आणि मुली शिकल्या की ती आपोआप कमी होतात, केरळ आणि तामिळनाडूत हे आपल्या आधी झालं.

आळसाबद्दल मी फार बोलणार नाही. रात्री बाराला गाडी भरणाऱ्या बाईला आळशी म्हणणाऱ्याने एक आठवडा फडात काढून यावं.

भ्रष्टाचार आहेच, पण नुसत्या त्याने सगळं समजत नाही. व्हिएतनाम, चीन, इंडोनेशिया इथेही भ्रष्टाचार भरपूर होता आणि आहे, तरी तिथली गरिबी झपाट्याने कमी झाली. चीनने १९७८ नंतर चाळीस वर्षांत ८० कोटी लोक अतिगरिबीतून वर काढले. त्यांच्याकडे जमिनी आधीच बऱ्यापैकी समान वाटलेल्या होत्या, पोरं शाळेत जात होती, गावपातळीवर आरोग्यसेवा होती आणि मग कारखाने आले तेव्हा शेतातला माणूस कारखान्यात गेला. आपल्याकडे २०२३-२४ मध्येही ४६ टक्के कामकरी लोक शेतीत होते आणि देशाच्या उत्पन्नातला शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. निम्म्याच्या जवळपास लोकांनी पाचवा हिस्सासुद्धा न भरणारं ताट वाटून घ्यायचं म्हटल्यावर दर माणशी काय येणार. शेतातून निघालेल्या माणसाला कारखान्यात पक्की नोकरी मिळाली नाही, तो फडात गेला, वीटभट्टीवर गेला, बांधकामावर गेला.

विहीर आणि अर्धवट दोर

अर्थशास्त्रात याला गरिबीचा सापळा म्हणतात. कल्पना अशी की एका ठरावीक उंचीच्या खाली माणूस कितीही धडपडला तरी घसरून परत तळाला येतो, आणि ती उंची एकदा ओलांडली की मग स्वतःच्या बळावर वर चढत जातो. विहिरीत पडलेल्या माणसाला अर्ध्यापर्यंतच पुरेल एवढा दोर सोडला तर तो लोंबकळतो, हात सुटतो, परत खाली. मग काठावरचे म्हणतात एवढा दोर दिला तरी याला वर येता येत नाही. पूर्ण दोर दिला तर तोच माणूस एकदाच ताकद लावून बाहेर येतो.

ही नुसती कल्पना नाही, ती तपासलेली आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००७ पासून खेड्यातल्या अतिगरीब बायकांना गाईसारखं जनावर आणि सोबत ट्रेनिंग दिलं. संशोधकांनी त्या घरांचा अकरा वर्षं माग ठेवला. सगळ्यांना मदत जवळपास सारखीच. पण ज्या बाईकडे आधीच थोडंफार काही होतं, एखादी शेळी, एखादं अवजार, ती गाय मिळाल्यावर त्या उंचीच्या वर गेली आणि पुढेही तिची मालमत्ता वाढत राहिली. जिच्याकडे काहीच नव्हतं ती गाय मिळूनही खालीच राहिली आणि हळूहळू होतं तिथे परत आली, कारण गाईबरोबर चारा लागतो, गोठा लागतो, दूध न्यायला काहीतरी लागतं, आजारी पडली तर डॉक्टर लागतो. दोघींच्या मेहनतीत फरक नव्हता, सुरुवातीच्या जागेत होता.

याच धर्तीवर पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबादला जनावरासोबत काही महिने जेवणाखाण्यापुरता भत्ता, ट्रेनिंग आणि दर आठवड्याला घरी येणारा माणूस असं सगळं एकत्र दिलं, म्हणजे दोर पुरेसा लांब सोडला. दहा वर्षांनी जाऊन बघितलं तरी त्या बायकांची कमाई आणि खाणंपिणं बाकीच्यांपेक्षा चांगलं होतं. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले.

आता कोयत्याचा हिशोब परत डोळ्यापुढे आणा. पाच हजार ते २७ हजार अंगावर घेऊन जो घरी येतो तो त्या उंचीच्या जवळपाससुद्धा पोचत नाही. त्याला पीएम किसानचे वर्षाला सहा हजार दिले काय आणि लाडक्या बहिणीचे पंधराशे महिना दिले काय, त्याचा जीव वाचतो, पोरांच्या पोटात चार घास जास्त जातात, ते महत्त्वाचंच आहे, पण तो बाहेर येत नाही. म्हणून योजना असूनही गरिबी दिसते, आणि लोकांना वाटतं योजना फुकट गेली.

"पण मिळालेले पैसे ते लग्नातच उडवतात"

हा आक्षेप मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याला नीट उत्तर द्यायला हवं. तामिळनाडूत ऊस उत्पादक शेतकऱ्यांवर एक अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. उसाचे पैसे वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे तोच शेतकरी तोडणीच्या आधी कंगाल असतो आणि नंतर हातात पैसा असतो. साडेचारशेहून जास्त शेतकऱ्यांना दोन्ही वेळी डोकं चालवायच्या सारख्याच चाचण्या दिल्या. तोडणीच्या आधी त्यांना त्या खूपच वाईट जमल्या, नंतर चांगल्या जमल्या. माणूस तोच. अर्थ असा की पैशाची चणचण डोक्यातली जागा खाते, कुणाला किती देणं आहे, उद्या काय, हेच फिरत राहतं आणि लांबचा विचार करायला जागाच उरत नाही. आपण म्हणतो त्यांना अक्कल नाही म्हणून ते गरीब आहेत, आणि चाचणीत दिसतं ते बरंचसं उलटं.

लग्नाचं म्हणाल तर बीडमध्ये लग्नाचा आणि कोयत्याचा थेट संबंध आहे. जोडी असली तर पूर्ण कोयता, पूर्ण उचल. शिवाय वयात आलेली पोरगी गावात एकटी ठेवायची भीती आणि फडावर न्यायचीही भीती. म्हणून बारावीच्या आतच लग्नं उरकली जातात, जिल्ह्यात अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या तरुण बायकांचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४० टक्क्यांच्या वर आलं होतं. आणि हुंड्याचं कर्ज फेडायला बाप परत उचल घेतो.

एक आजारपण

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची प्रकरणं देशभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी अगदी तरुण. पाळीत जड मोळ्या उचलायच्या, पाणी नाही, आडोसा नाही, इन्फेक्शन होतं, दुखणं अंगावर काढायचं कारण खाडा परवडत नाही, आणि मग गावी आल्यावर खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि ऑपरेशन. ऑपरेशनला पैसे कुठले? उचल. नंतर कंबरदुखी, हाडं ठिसूळ, काम कमी होतं, टन कमी पडतात, बाकी वाढते. हे वाचून राग येत नसेल तर कशाने येणार.

देशपातळीवर बघितलं तर आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता तो २०२१-२२ पर्यंत ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा आहे. पण सरकारी विम्यात बहुतेक ॲडमिट झाल्यावरचा खर्च मिळतो, रोजच्या गोळ्या, तपासण्या, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी हे खिशातूनच. गरिबाला बुडवतो तो बऱ्याचदा हाच खर्च.

शाळेचं थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर ते एप्रिल पोरं फडावर, वर्गात पटावर नाव आहे पण पोरगं नाही. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं असे प्रयोग झाले, जिथे एखादा शिक्षक जिवापाड करतो तिथे चालले, बाकी कागदावर. २०२४ च्या असर या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या खेड्यांमधल्या सरकारी शाळांच्या पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नव्हता. ही तर वर्षभर शाळेत जाणारी पोरं धरून सरासरी आहे, अर्धं वर्ष फडात असणाऱ्याचं काय होत असेल.

"फुकट मिळतं म्हणून मजूर मिळत नाही"

शेतकरी मित्र हे तावातावाने म्हणतात आणि त्यांची अडचण खोटी नाही, तोडणीला टोळी मिळत नाही, उभा ऊस वाळतो. उचल घेऊन मुकादम पळाला, लाखोंना बुडालो असं सांगणारे शेतकरी आणि वाहतूकदारही कमी नाहीत. म्हणजे ही उचलीची पद्धत दोन्हीकडून जाळते.

पण फुकट मिळाल्याने लोक काम सोडतात का, हे सहा देशांतल्या रोख मदतीच्या योजनांवर तपासून झालंय, त्यात तसं काही ठोस दिसलं नाही. रेशन आणि पंधराशे रुपयांनी एवढंच होतं की अगदी पडेल त्या भावाला जायची सक्ती जरा सैल होते. मजूर नाही म्हणाला की आपल्याला तो माजला असं वाटतं, खरं तर आयुष्यात पहिल्यांदा त्याला भाव विचारायची सोय झालेली असते. ३४ टक्के वाढ काय कुणी दयेने दिली नव्हती, कोयता बंद ठेवायच्या इशाऱ्यानंतर ती मिळाली.

आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण महाराष्ट्रानेच देशाला दिलं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी राज्यभर वापरली गेली, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला, पुढे २००५ चा देशाचा कायदा त्याच वाटेने आला. गावातच काम, मागेल तेव्हा काम. हे काम जर जून ते सप्टेंबर या कोरड्या खिशाच्या महिन्यांत वेळेवर मिळालं आणि मजुरी आठवड्यात हातात पडली, तर मुकादमाच्या लाखाची गरजच निम्मी होते. जिथे ते नीट झालं तिथे फरक दिसतो, नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला नव्वदच्या दशकात पाणलोटाची कामं झाली, पाणी आलं, ऊस आणि बोअरवर गावानेच बंदी घातली आणि बाहेर गेलेली कुटुंबं परतली. बाकी ठिकाणी मजुरी महिनोन्महिने अडकते, आणि अडकलेली मजुरी म्हणजे परत मुकादमाचं दार.

मोठे अर्थतज्ज्ञ यावर भांडतात, जगदीश भगवती म्हणतात आधी वाढ होऊ द्या मग वाटायला पैसा येईल, अमर्त्य सेन म्हणतात आधी शिक्षण-आरोग्य द्या नाहीतर वाढ टिकणार नाही. माझं मत सेन यांच्या जवळचं आहे, पण बीडकडे बघून मला वाटतं दोघांच्याही वादात सौद्याचा दिवस राहून जातो. साखर उद्योग वाढलाच की, इथेनॉल आलं, निर्यात झाली. वाढीतला हिस्सा मागायला समोरच्याच्या बरोबरीने बसावं लागतं, आणि अंगावर उचल असलेला माणूस बसू शकत नाही.

आता हार्वेस्टर आलाय

मोठे कारखाने आणि बागायतदार तोडणीचं मशीन घ्यायला लागलेत, सरकार त्याला सबसिडी देतंय. काही जण म्हणतात बरं झालं, हे अमानुष काम संपेल. संपायलाच पाहिजे, माझंही तेच म्हणणं आहे. पण मशीन घेणाऱ्याला सबसिडी आणि ज्याचं काम गेलं त्याला काय, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याच्या अंगावरची बाकी माफ होणार नाही. कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याणकारी महामंडळ झालंय, कारखान्यांनी टनामागे दहा रुपये त्यात द्यायचे असं ठरलंय, ग्रामपंचायतीतून ओळखपत्रं द्यायचं ठरलंय. ही नोंदणी आधी पूर्ण झाली पाहिजे, कारण ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्याला उद्या नुकसानभरपाई मागताही येणार नाही. उचलीचा व्यवहार बँकेतून आणि लेखी झाला पाहिजे, आणि कारखान्याला कायद्याने मालक मानलं पाहिजे. हे तिन्ही हार्वेस्टर फडात उतरायच्या आधी व्हायला हवं, नंतर विचारायला गेलं तर कारखाना म्हणेल आमच्याकडे ऊसतोड कामगार नव्हतेच कधी, आणि कागदोपत्री ते खरंही असेल.